दुसरा गोकुळ

विहिरीवरची मोटर बंद करून गोकुळ टिळेकर घराकडं निघाला की बांधापर्यंत जायचा, तिथं थांबायचा, डावा खांदा वर उचलून मागं बघायचा आणि परत जाऊन स्टार्टर खरंच बंद आहे का ते हातानं चाचपायचा. कुलूप लावलं की दोनदा ओढायचं, मग खिशातली किल्ली चाचपायची. झेंडूची क्रेट आधी घरच्या काट्यावर चढायची, मगच टेम्पोत. ड्रायव्हर नवा असला तर गोकुळ स्वतः शेजारी बसून पुण्याच्या गुलटेकडी मार्केटपर्यंत जायचा. देवळात प्रसाद मिळाला तरी आधी वास, मग तोंडात. बायको ज्ञानेश्वरी म्हणायची, "लग्नात माझ्या हातातली माळसुद्धा यांनी उलटीपालटी करून बघितली, मगच मान वाकवली."

कासुर्डीत त्याला कुणी हसत नव्हतं, कारण त्यामागची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. गोकुळ कॉलेजात असताना त्याच्या वडिलांच्या, दगडोबांच्या, एका चुलतभावानं रजिस्टर कचेरीत कुठलासा म्हातारा फेटा बांधून उभा केला, 'हाच दगडोबा' म्हणून त्याचा अंगठा घेतला आणि हायवेकडची पट्टी परस्पर विकून टाकली. आबा, म्हणजे खरे दगडोबा, तेव्हा घरीच होते. "मी हितं शेवंती खुरपत हुतो, आन् तिकडं मीच जमीन इकत हुतो," असं ते पुढं वर्षानुवर्षं सांगायचे. लोक हसायचे, आबाही हसायचे. गोकुळ मात्र कधी हसला नाही. कोर्टकज्जा झाला, चपला झिजल्या, जमीन परत आली. पण आपल्या बापाच्या जागी दुसराच बाप उभा राहू शकतो, हे ज्या पोरानं पाहिलं त्याचा जगावरचा भरवसा काही परत आला नाही.

त्यात धाकटी बहीण, नकुशी. ती शिरूरला दिलेली, नवरा रांजणगावच्या कंपनीत. केस मिटल्यावर गोकुळनं तिला हक्कसोडपत्रावर सही मागितली, तर ती म्हणाली, "दादा, थांब जरा, यांना विचारते." तेवढंच. एवढ्या एका वाक्यावर गोकुळनं शिरूरचा रस्ता सोडला. त्यानं पुन्हा सही मागितली नाही, तिनंही विषय काढला नाही. राखी पोस्टानं यायची. गोकुळ पाकीट उजेडाकडं धरून बघायचा आणि मग बांधून घ्यायचा.

अशा माणसाच्या शेतात एक परका माणूस कामाला आला.

दसऱ्याचा झेंडू लावून झाला होता. हायवेला भिमाजीचं चहाचं हॉटेल. भिमाजी गोकुळचा शाळेपासूनचा दोस्त, तोंडानं मोकळा. एके दिवशी तो एका माणसाला घेऊन आला.

"ह्यो सत्यजीत. पुन्याचा हाय. फुलशेती शिकायची म्हन्तोय. माझ्या मागच्या खोलीत ऱ्हातोय. रोजंदारीवर घे."

गोकुळनं त्याला खालून वर न्याहाळलं. वय आपल्याएवढंच, अंगकाठीही तशीच. हात मात्र मऊ. नखं नीट कापलेली.

"पुन्याला शेतीचं कॉलेज न्हाई व्हय?"

"आहे ना. पण तिथं माती कमी आणि फळा जास्त," सत्यजीत हसून म्हणाला.

हे हसणं गोकुळला आवडलं नाही. तरी खुरपणीला माणूस मिळत नव्हतं, म्हणून त्यानं होकार दिला आणि त्या दिवसापासून एक डोळा त्याच्यावर ठेवला.

माणूस कामाला वाईट नव्हता. पण तो बघायचा फार. झेंडूकडं कमी आणि गोकुळकडं जास्त. गोकुळनं पाण्याचा घोट घेतला की हा बघतोय. गोकुळ शिंकला की हा बघतोय. मध्येच उसात शिरून फोनवर हळू आवाजात बोलायचा. आणि प्रश्न तरी कसले! खताचे नाहीत, फवारणीचे नाहीत.

"दादा, तुम्हाला राग आला की तुम्ही आधी गप्प बसता, का आधी बोलता?"

"तुला कशाला रं पायजे?"

"आधी बोलता," सत्यजीत स्वतःशीच म्हणाला.

एकदा ज्ञानेश्वरी त्याच्याशी बोलताना हसत होती. गोकुळनं घरी गेल्यावर विचारलं, "काय इच्चारत हुता तो?"

"तुम्ही झोपताना उशीखाली काय ठिवता, ते."

"आन् तू सांगितलंस?"

"मंग? किल्ल्या ठिवता म्हनलं. त्यात काय चोरून सांगायचंय? सगळ्या गावाला ठाव हाय."

गोकुळनं त्या दिवसापासून किल्ल्या पिठाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली.

मग सत्यजीतनं मिशी वाढवली. गोकुळसारखीच, टोकाला जरा खाली पडलेली. खांद्यावर निळ्या चौकड्यांचा टॉवेल आला, तोही गोकुळसारखाच. बायका खुरपता खुरपता म्हणायला लागल्या, "मालक, तुमाला जुळा भाऊ हुता का वो?" गोकुळनं हे ऐकून आपला टॉवेल खांद्यावरून काढून कमरेला बांधला.

एका दुपारी तो टोमॅटोला तारा ओढत होता. सहज वर बघितलं, तर कालव्याच्या भरावावरून गोकुळ टिळेकर चालला होता. डावा खांदा वर. चार पावलं गेला, थांबला, मान वळवून मागं बघितलं, खिसा चाचपला, पुढं गेला. गोकुळच्या हातातून तार सुटली. आपण इथं उभे आहोत आणि आपणच तिथं चाललोय, हे बघून त्याला पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर फेटा बांधलेला तो म्हातारा. इतक्या वर्षांनी पुन्हा कुणीतरी माणूस तयार करत होतं. या वेळी आबांचा नाही, खुद्द गोकुळचा.

हायवेच्या जमिनीचे भाव कुठं जाऊन पोचलेत हे काय सांगायला हवं होतं? एजंट लोक रोज गाड्या घेऊन फिरत होते. गोकुळनं कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगायचं कुणाला? बायको सत्यजीतशी हसत होती, भिमाजीनं त्याला आणून बसवलं होतं. तो नुसता पाळतीवर राहिला.

दोनच दिवसांत त्याचा संशय खरा ठरावा असं घडलं. आबा लिंबाखाली बाजेवर बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही त्यांना लांबचं धड दिसत नसे. गोकुळ ठिबकच्या नळ्या आणायला शेडमागं गेला होता. तिथून त्याला आबांचा आवाज आला.

"गोकुळ, हिकडं ये रं."

आणि उत्तरही आलं. आवाज गोकुळचा, जरा नाकातून येणारा, घाईचा. "काय म्हन्ता, आबा?"

शेडमागं खरा गोकुळ नळ्यांचं भेंडोळं धरून जागच्या जागी थिजला. समोर सत्यजीत बाजेजवळ टेकला होता.

"मला एकदा शिरूरला नकुशीकडं न्हेऊन सोड," आबा म्हणाले. "चार दिस ऱ्हाईन तिच्याजवळ. ती बी आता म्हातारी व्हायला आली. तुला सांगायचं म्हंजी तुझ्या मनात लगी भलतंच येतं. म्हून इतकं दिस बोललो न्हाई."

 सत्यजीत गोकुळच्या त्याच आवाजात म्हणाला, "नेतो, आबा."

गोकुळच्या डोक्यात सगळं एका जागी येऊन बसलं. शिरूर. नकुशी. आबांचा अंगठा. आणि सहीला खोटा गोकुळ! नळ्या टाकून तो धावला, सत्यजीतची गचांडी धरली आणि त्याला फरफटत थेट भिमाजीच्या हॉटेलावर नेलं. वाटेत सत्यजीत काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता, पण घाबरून त्याच्या तोंडून अजूनही गोकुळचाच आवाज निघत होता, आणि त्यामुळं गोकुळ जास्तच पेटत होता.

हॉटेलात मिसळ खाणारे उठून उभे राहिले. एक ट्रकवाला दोघांकडं बघून म्हणाला, "भाई भाई में झगड़ा अच्छा नहीं."

"भाऊ न्हाई हा माझा!" गोकुळ ओरडला. "माझी जिमीन इकायला आनलाय याला. भिमाजी, तू बी सामील हायेस. बोल, कुनी पाठवला?"

भिमाजीचा चेहरा पडला. त्यानं गॅस बारीक केला आणि म्हणाला, "गोकुळ, आधी खाली बस. त्यो नट हाय."

"कसला?"

"पिक्चरमदला."

सत्यजीतनं टॉवेल काढून ठेवला आणि आपल्या आवाजात सगळं सांगितलं. स्नेहल नावाच्या एक दिग्दर्शक बाई सोलापूरला जाता-येता भिमाजीकडं चहाला थांबायच्या. भिमाजीनं त्यांना एकदा आबांच्या फेटेवाल्या डमीची गोष्ट सांगितली, आणि ओघात गोकुळचीही. बाईंनी त्यावर विनोदी पिक्चर लिहिला. एक संशयी शेतकरी असतो, त्याची जमीन लाटायला कुणीतरी हुबेहूब त्याच्यासारखा माणूस उभा करतं. तो डमी घरात शिरतो आणि घरच्यांना तोच जास्त आवडायला लागतो. शेवटी खऱ्यालाच कळेनासं होतं की आपण नक्की कोण. शेतकरी आणि डमी, दोन्ही कामं सत्यजीत करणार होता.

"तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्यासमोर तुमच्यासारखे वागला नसता. पण चुकलंच, दादा. आबांना उत्तर द्यायला नको होतं. तोंडातून निघून गेलं."

"पिक्चरचं नाव सांगून लोकांनी काय काय केलंय, ठाव हाय मला," गोकुळ म्हणाला. सत्यजीतनं मोबाइलवर आपली जुनी नाटकं दाखवली. गोकुळ म्हणाला, मोबाइलवर काय, वाघबी बोलताना दिसतो. दुसऱ्या दिवशी खुद्द स्नेहलबाई गाडी घेऊन आल्या. गोकुळनं त्यांचं आधार कार्ड मागितलं, उन्हात धरून बघितलं, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला आणि म्हणाला, "ह्यात तुमी वायल्याच दिसता." बाई म्हणाल्या, आधार कार्डावर सगळेच वेगळे दिसतात. हे मात्र गोकुळला पटलं.

जमिनीचं काही नाही एवढी खात्री झाली. त्यानं पिक्चरला ना हो म्हटलं ना नाही. एवढंच म्हणाला, "माझं नाव घालू नगा," आणि उठला. सत्यजीत त्याच दिवशी गेला. भिमाजीच्या हॉटेलात गोकुळनं पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

गोष्ट इथं संपली असं ज्ञानेश्वरीला वाटलं. पण गोकुळचं भलतंच सुरू झालं. मोटर बंद करून तो निघाला की बांधाजवळ आपोआप थांबायचा आणि तेवढ्यात आठवायचं, हेच तर तो करून दाखवत होता. मग मागं बघू की नको? नाही बघितलं तर मोटर चालू राहिल्याची धाकधूक, आणि बघितलं तर आपण त्याची नक्कल करतोय असं वाटायचं. आपलं चालणं आपल्यालाच दिसायला लागलं होतं. एकदा तर बांधावर कुठला पाय आधी टाकायचा हेच त्याला सुचेना. बोलतानाही मध्येच थांबून आपलाच आवाज ऐकायचा. ज्ञानेश्वरी एकदा दारात उभी राहून म्हणाली, "अवो, तुमीच हाय ना?" ती थट्टेनंच म्हणाली होती. गोकुळनं मात्र आत जाऊन आरशात बघून घेतलं.

पुढच्या वर्षी पिक्चर लागला आणि चालला. दौंडला बोर्ड झळकला. मिशी, निळा टॉवेल, वर उचललेला डावा खांदा. पिक्चरमधल्या शेतकऱ्याचं नाव होतं रंगनाथ. बाजारात पोरं गोकुळला हाका मारायला लागली, "ओ रंगनाथ!" ज्ञानेश्वरी हट्टाला पेटली, "सगळ्या जगानं बघितला, आपून का न्हाई?" शेवटी गोकुळ मफलर तोंडाला गुंडाळून थेटरात मागच्या खुर्चीवर बसला.

रंगनाथनं कुलूप ओढलं, पुढं गेला, थांबला, परत आला. थेटर हसून आडवं झालं. रंगनाथनं प्रसादाचा वास घेतला. पुन्हा हशा. गोकुळनं हळूच शेजारी बघितलं. ज्ञानेश्वरी पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळे पुसत होती. इतकी हसताना त्यानं तिला घरात कधी बघितलं नव्हतं. यात नवीन काय होतं? हे तर ती रोजच बघत होती. मग घरी का हसली नाही? घाबरत होती की काय? हा नवाच संशय त्याला आला, आणि या वेळी तो त्याच्या स्वतःवरच होता.

मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. आंधळा बाप खोट्या रंगनाथला सांगतो, मला लेकीकडं नेऊन सोड. खोटा रंगनाथ त्याला नेतो. लेक दारात येते, बापाच्या गळ्यात पडते. आणि डमी निघताना म्हातारा त्याच्या कानात म्हणतो, "पोरा, तू माझा ल्योक न्हाईस, हे मला पहिल्या दिवसापास्नं ठाव हाय." थेटरात कुणी हसलं नाही. 

परत येताना पाणी प्यायला त्यांनी हायवेला एका टपरीपुढं मोटारसायकल थांबवली, तेव्हा तिथं पुण्याची एक गाडी उभी होती. गोकुळनं मोटारसायकलला कुलूप घातलं, दोनदा ओढलं, खिसा चाचपला. गाडीतली पोरगी ओरडली, "पप्पा, बघा ना! हे काका अगदी रंगनाथसारखं करतात!"

तिचा बाप खाली उतरला. कौतुकानं गोकुळकडं बघून म्हणाला, "छान करता हो. फक्त खांदा जरा जास्त उचलायला पाहिजे. पिक्चरमध्ये बघा, तो कसा उचलतो."

ज्ञानेश्वरीला हसू आवरेना. गोकुळनं कुलूप पुन्हा एकदा ओढून बघितलं, या वेळी खांदा न उचलता. 

घरी आल्यावर तो कपडे न बदलताच आबांच्या बाजेवर जाऊन बसला.

"आबा, त्या दिशी लिंबाखाली तुमी त्याच्याशी बोलला. तो म्या न्हाई, हे तुमाला कळलं न्हाई व्हय?"

आबांनी तंबाखू मळायची थांबवली. "डोळं गेलं म्हून कान बी गेलं का? तू हाक मारल्यावर लगी येत न्हाईस. 'काय काम हाय' म्हून आधी लांबूनच इच्चारतोस. त्यो गुमान येऊन बसला."

"मंग बोलला कशापायी?"

"तुला सांगितलं असतं तर तू म्हनला असतास, नकुशीनं शिकवलं म्हातार्‍याला. त्याला सांगून बघितलं, कसं वाटतंय बोलून ते." आबा पुन्हा तंबाखू मळायला लागले. "बरं वाटलं."

 बापानं गोकुळला सांगायचं ते परक्याला सांगितलं होतं, तेही तो परका आहे हे माहीत असून. त्याला राग आला, पण तो कुणावर काढायचा हे कळेना. मनात एकदा येऊनही गेलं, की नकुशीचा खरंच काही निरोप आला असेल का? त्यानं आबांच्या तोंडाकडं निरखून बघितलं. म्हातारा शांतपणे तंबाखू मळत होता.

पुढच्या रविवारी त्यानं भाड्याची गाडी सांगितली. चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे तो आबांना घेऊन शिरूरला पोचला.  वाटभर आबा नवं धोतर सारखं करत खिडकीबाहेर बघत राहिले.

नकुशीचं घर घोडनदीकडच्या अंगाला. दार तिनंच उघडलं. केस पांढरे झाले होते, हाताला पीठ होतं. आबांना बघून तिचा हात आपोआप पुढं झाला, आणि मागं गोकुळ दिसताच तिथंच थांबला.

"दादा? तू कसा काय?"

"आबांना आनलंय. चार दिस ऱ्हातील तुझ्याकडं."

नकुशीनं आबांना आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पण तिची नजर गोकुळच्या हातातल्या पिशवीवर होती.

"कुठं सही पायजे?" तिनं सरळ विचारलं. "कागद काढ. उगं आबांना मधी कशाला घालतोस?"

गोकुळनं पिशवी तिच्यापुढं उघडली. आत आबांचे कपडे, औषधं आणि झेंडूची फुलं होती. नकुशीनं कपडे वर उचलून खाली बघितलं. मग कप्प्यात हात घातला. गोकुळ उभा राहून बघत होता. आपली झडती घेतली जात असताना माणसाला काय वाटतं, हे त्याला आजवर माहीत नव्हतं. अंग चोरून, हात कुठं ठेवावेत ते न कळून तो तसाच उभा राहिला.

"न्हाई काही," तो म्हणाला. "खरंच न्हाई."

चहा झाला. नकुशीनं जेवायचा आग्रह केला नाही, तो जेवल्याशिवाय उठलाही नाही. जेवताना ती सारखी त्याच्याकडं बघत होती. विषय निघेल, आता निघेल, म्हणून वाट बघत होती. तिचा नवरा कंपनीच्या शिफ्टचं बोलला, गोकुळ टोमॅटोच्या भावाचं बोलला. आबा मध्येच लेकीच्या हातची भाकरी चाचपत म्हणाले, "तुझ्या आयेसारखी जाड करतीस गं." त्यावर ती हसली, पण लगेच पुन्हा भावाकडं बघायला लागली.

ऊन उतरल्यावर गोकुळ उठला. नकुशी दारापर्यंत आली.

"निगालास? खरंच?"

"व्हय. गवारीला पानी द्यायचंय."

"आन् आबांना न्यायला कवा येशील?"

"तू सांगशील तवा."

तो गाडीत बसला. ती दारातच उभी होती, हात चौकटीला टेकवून. गाडी वळेपर्यंत ती तशीच बघत राहिली. आबा चार दिवसांसाठी गेले होते, ते थंडी सरेपर्यंत शिरूरलाच राहिले. नकुशीला भावाचा विश्वास वाटला की नाही, ते गोकुळला कधी नक्की कळलं नाही. पण दर आठवड्याला तिचा फोन यायला लागला, आबांच्या गोळ्यांचं, झोपेचं सांगायला, आणि प्रत्येक वेळी ती सुरुवातीला थांबून विचारायची, "दादाच ना?"

"व्हय, म्याच," गोकुळ म्हणायचा.